प्रत्येक सिद्धांताला एक मूल

२००१ साली मी डी.एड.च्या जोरावर नोकरीला लागले तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षकांची पात्रता परीक्षा, ही भानगडच नव्हती. ती आली २०१० च्या अधिसूचनेनंतर. महाराष्ट्रात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली, त्या दिवशी मी एका केंद्रावर पर्यवेक्षणाला होते. बाकावर घाम पुसत बसलेल्या पोरींकडे बघून मनात म्हणाले होते, बिचाऱ्या.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. माझी तेरा वर्षं उरली आहेत. स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला.

भाची कळव्याला राहते, बी.एड. झाली आहे, टीईटी आणि शिक्षक भरतीची टेट, दोन्हीच्या मागे आहे. दर रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून कोपरखैरण्याला माझ्याकडे येते. पहिल्या रविवारी तिने मुलांचा विचार कसा वाढतो ते मांडणाऱ्या पियाजेच्या चारही अवस्था वयासकट धडाधड म्हणून दाखवल्या. मला त्यातली एकही येत नव्हती. मी विचारलं, "सात वर्षांचं पोर कधी जवळून बघितलंयस का गं?" तर म्हणते, "मावशी, सराव पाठात बघितलं ना. पस्तीस मिनिटं."

माझ्याकडे चोवीस वर्षांत शिकवलेली पोरं होती, त्यांच्या वागण्याला पुस्तकात काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. तिचं बरोबर उलटं. तिथून आम्ही जी पद्धत बसवली ती इथे लिहिते. क्लासवाल्यांच्या नोट्सना पर्याय म्हणून नाही, त्या लागतातच. पण बालमानसशास्त्राचे प्रश्न नुसत्या नोट्सवर सुटत नाहीत, हे मी आता परीक्षार्थी म्हणून सांगते आहे.

आधी परीक्षा कुठली ते

टीईटी आणि टेट, दोन्ही नावं कानाला सारखी लागतात आणि निम्मे नवखे इथेच गोंधळतात. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, मागास प्रवर्गाला ५५ टक्के. दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न. पेपर १ मध्ये बाकीचे दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. पेपर २ मध्ये दोन भाषांचे साठ आणि उरलेले साठ गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती ऑनलाइन असते. २०० प्रश्न १२० मिनिटांत, त्यातले १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. प्रश्नाला ३६ सेकंद. तिच्यात पास-नापास नाही, मिळालेल्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. टीईटी दार उघडते, रांगेत नंबर टेट लावते. टेटच्या अभियोग्यतेत गणिती आणि तार्किक क्षमता, दोन्ही भाषा, वेग-अचूकता असं बरंच येतं, आणि कल-आवड, समायोजन हेही. त्या शेवटच्या भागाला खाली लिहिलेलं सगळं उपयोगी पडतं. बाकीच्याला घड्याळ लावून सरावच.

वही

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर सिद्धांत, पुस्तकात आहे तसा: नाव, साल, मुद्दे, पारिभाषिक शब्द. उजव्या पानावर एक मूल. गाइडमधलं उदाहरण नाही, तुम्ही स्वतः पाहिलेलं मूल: त्याचं वय, ते काय म्हणालं, त्याच शब्दांत. मूल मिळालं नाही तर उजवं पान कोरं ठेवा. कोरं पान म्हणजे तो सिद्धांत अजून आला नाही, कितीही पाठ असो.

मुलं कुठे मिळतील असं भाचीने विचारलं तेव्हा मी तिला खिडकीतून खाली दाखवलं. वॉचमनची दोन, इस्त्रीवाल्याचं एक, पहिल्या मजल्यावरची जुळी. आईबापांना सांगून बसवायचं, अर्धा-पाऊण तास, आणि वहीत नाव लिहायचं नाही. "सहा वर्षांची, तळमजला" एवढं पुरतं.

उगाच मोठ्यापासून सुरुवात करू नका. सगळ्यात सोपं उजवं पान विकासाच्या दिशांचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की विकास डोक्याकडून पायाकडे आणि शरीराच्या मध्याकडून टोकांकडे होतो. भाची हे घोकत होती. मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार. आजी सांगेल: आधी मान धरतं, मग पालथं पडतं, मग बसतं, रांगतं, मग उभं राहतं. क्रम चुकत नाही, महिना पुढेमागे होतो. विकासाचा क्रम ठरलेला, वेग ज्याचा त्याचा, हा टीईटीतला आवडता प्रश्न आजीने एका वाक्यात सोडवला. मध्याकडून टोकांकडे बघायचं तर बालवाडीत जा: तीन वर्षांचं पोर खडू मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवतं, सहा वर्षांचं बोटांच्या चिमटीत धरतं.

कोकम सरबताचा प्रयोग

हा घरी करायचाच. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या आणि एक उंच, अरुंद ग्लास. दोन पेल्यांत सारखं सरबत ओता आणि मुलाकडून कबूल करून घ्या की सारखं आहे. थेंबभर कमी वाटलं तर त्यालाच ओतू द्या. मग त्याच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातलं सरबत उंच ग्लासात ओता आणि विचारा, "आता सारखं आहे की कमी-जास्त?" "कुठल्यात जास्त?" असं विचारू नका, त्यात उत्तर सुचवलं जातं. भाचीने पहिल्यांदा तेच केलं. उत्तर आलं की दुसरा प्रश्न: "कशावरून?" सगळा जीव या "कशावरून"मध्ये आहे.

तळमजल्यावरची सहा वर्षांची म्हणाली, "यात जास्त. हा उंच आहे ना." तिचा साडेआठ वर्षांचा भाऊ हसला: "वेडी, तेच तर ओतलं. परत ओतून बघ." प्यायला सांगितल्यावर बहिणीने उंच ग्लासच उचलला.

वहीत डाव्या पानाला हे लिहिलेलं होतं: जन्मापासून २ वर्षांपर्यंत वेदनिक-कारक, २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक, ११ नंतर औपचारिक क्रियात्मक. बहीण दुसऱ्या अवस्थेत, एका वेळी एकच बाजू बघणारी. उंची दिसली की रुंदी सुटते. भाऊ तिसऱ्या अवस्थेत, केलेली क्रिया मनातल्या मनात उलटी फिरवू शकतो. ओतल्याने प्रमाण बदलत नाही या समजेला गाइडांमध्ये वेगवेगळे मराठी शब्द सापडतील, तुमच्या पुस्तकातला घाला. पण प्रश्न आला की ग्लास डोळ्यांपुढे येईल, शब्द नाही. आणि वयाच्या रेघा पेपरात ठाम असल्या तरी वर्गात त्या पुसट असतात. माझ्या तिसरीत ग्लासला फसणारी आठ वर्षांची पोरं दर वर्षी दोन-तीन असतात, त्यांचं काही बिघडलेलं नसतं.

पियाजेचंच सात्मीकरण आणि समायोजन मला फ्लेमिंगोंनी शिकवलं. हिवाळ्यात आम्ही वर्ग घेऊन ऐरोलीच्या खाडीकडे गेलो होतो. एक मुलगा ओरडला, "टीचर, गुलाबी बगळे!" लांब पाय, लांब मान, पाण्यात उभा, म्हणजे बगळा: जुन्या खणात नवी वस्तू. हे सात्मीकरण. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बगळा नाय तो. चोच बघा कशी वाकडी. आणि तो डोकं उलटं करून खातो." तेव्हा त्याच्या डोक्यात नवा खण तयार झाला. हे समायोजन. मी त्या दिवशी फक्त "हो, त्याला रोहित म्हणतात" एवढं बोलले होते. त्याच्या डोक्यात जे घडलं त्याला काय म्हणतात हे मला कळायला पंधरा वर्षं आणि एक न्यायालयीन निकाल लागला.

चुकांची पिशवी

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ती जागा. एका मुलाची गणिताची वही मागून घ्या आणि चुकलेली वीस उत्तरं उतरवा. बरोबर उत्तरांकडे बघू नका.

माझ्या पोतडीतल्या काही चुका: "एकोणसाठ" सांगितलं की ६९. "बेचाळीस" सांगितलं की २४. "एकशे पाच" म्हणजे १००५. ५२ वजा ३७ बरोबर २५. नव्या शिक्षिकेला ही बेफिकिरी वाटते. एकेकाला जवळ बसवून "कसं केलंस, मला शिकव" म्हटलं की प्रत्येक चुकीला हिशेब निघतो. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात, मग सहा लिहिले, आणि "एकोण"ला नऊ हे त्याला माहीत आहे. म्हणजे निम्मं बरोबर आहे. बेचाळीस बोलताना आधी दोन येतात, मग चाळीस, आणि लिहिताना आधी चार लिहायचे, हे उलटं चालणं मराठी पोराला करावंच लागतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जोडीला "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन दिलं त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवतोय का? बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी होती, हे दुसरीला शिकवणारी कोणीही सांगेल. एकशे पाचचं १००५ हे तर शुद्ध तर्कशास्त्र: शंभर लिहिले, पुढे पाच लिहिले. आणि ५२ वजा ३७ मध्ये त्याने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले, कारण पहिलीपासून त्याला आपणच शिकवलंय, "मोठ्यातून लहान जातो."

पेपरात याच गोष्टी "मुलांच्या चुका या शिक्षकासाठी ...... असतात" अशा रूपात येतात. उत्तर "त्यांच्या विचारप्रक्रियेचा पुरावा" या अर्थाचं असतं. आणि क्रम विचारतात: आधी नैदानिक चाचणी, म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते शोधणं, मग उपचारात्मक अध्यापन, म्हणजे तेवढंच दुरुस्त करणं. मी वर्षानुवर्षं उलटं केलं. चूक दिसली की तसलीच दहा गणितं द्यायची. पोराने तीच चूक दहा वेळा पक्की केली.

याच्याशेजारी एक जोडपान ठेवा. तुर्भ्याला आईच्या भाजीच्या गाडीवर बसणारा पाचवीतला एक मुलगा होता. पालकाच्या दोन जुड्या, मेथीची एक, अर्धा किलो टोमॅटो, शंभराची नोट, उरलेले सुटे पैसे तुमच्या हातात, तुम्ही पिशवी बंद करायच्या आत. वर्गात हेच शाब्दिक उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं की पेन्सिल चावत बसायचा. याला गणित येत नाही म्हणायची माझी हिंमत नाही. त्याला गणिताची लिपी येत नव्हती. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर सांगतो तो प्रवास, आधी कृतीतून, मग चित्रातून, मग चिन्हातून, त्याचा पहिला टप्पा गाडीवर झाला होता आणि शाळेने थेट तिसऱ्यापासून सुरू केलं. "मूर्ताकडून अमूर्ताकडे", "ज्ञाताकडून अज्ञाताकडे" ही अध्यापनाची सूत्रं मी डी.एड.च्या प्रत्येक पाठ टाचणात सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

परांची

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की आणि पियाजे दोघंही १८९६ चे. पियाजे १९८० पर्यंत जगला, वायगॉट्स्की १९३४ मध्येच, सदतिसाव्या वर्षी गेला. त्याचं म्हणणं मूल एकटं काय करतं एवढंच बघू नका, जाणत्याच्या मदतीने काय करू शकतं ते बघा. त्या दोन्हीमधली जागा म्हणजे समीपस्थ विकासक्षेत्र, शिकवायचं तिथे. जे एकट्याने येतं ते शिकवणं म्हणजे वेळ घालवणं, जे मदतीनेही येत नाही ते शिकवणं म्हणजे छळ.

इथे एक खाच आहे. तात्पुरत्या आधाराची जी उपमा त्याच्या नावाने सगळीकडे चिकटवतात ती त्याची नाही. ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये वापरली. तिला आपल्याकडे सरळ शब्द आहे, परांची. घणसोलीला कुठलीही नवी इमारत बघा, बांबू बांधलेले दिसतील. भिंत उभी राहिली की एकेक बांबू सुटतो. सोडला नाही तर बिल्डरला ताबा देता येत नाही.

करून बघायचं असं: ५२ वजा ३७ वालाच मुलगा घ्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. पहिल्या गणिताला मी बोलत बोलत गठ्ठा सोडते. दुसऱ्याला तो सोडतो, मी फक्त विचारते, "सुट्या पुरतात का?" तिसऱ्याला मी काहीच बोलत नाही, एककाच्या घरावर बोट ठेवते. चौथ्याला मी कुकर बघायला आत जाते. भाचीला चौथी पायरी जमेना. तिचं बोट पुन्हा पुन्हा वहीकडे जायचं. शेवटी तिला मी हातावर बसवलं, अक्षरशः.

शिक्षा

आमच्या पट्ट्यात एका वर्गात घरच्या भाषा किती असाव्यात? गावठाणातलं आगरी पोर "मना घरान जावाचंय" म्हणतं, माथाडी कामगारांची मुलं साताऱ्याची बोली आणतात, दगडखाणीकडची वडारी, तेलुगू, कन्नड, आणि उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी-भोजपुरी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. पेपरात घरच्या भाषेला "अडथळा" म्हणणारा पर्याय चुकीचा आणि "साधन" म्हणणारा बरोबर, हे डोळे झाकून लक्षात ठेवा. वर्गात मात्र डोळे उघडे ठेवून. "मना"ला हसलं की ते पोर महिनाभर तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

अध्ययन संक्रमणाचं, म्हणजे आधीचं शिकणं नव्या शिकण्याला मदत करतं की आड येतं त्याचं, माझं उजवं पान इथलंच. उत्तर प्रदेशातून आलेली चौथीतली मुलगी देवनागरी लिपी आधीच येत असल्याने आठवड्यात मराठी वाचायला लागली: धन संक्रमण. "माझी पुस्तक" मात्र वर्षभर लिहीत राहिली, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी: ऋण संक्रमण. त्याच मुलीला वर्गातल्या मॉनिटरने दटावलं, "टीचर शिक्षा करतील हां," तर ती खूश होऊन पुढे येऊन बसली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी दिवसभर हसत होते, रात्री हसू गेलं.

कारण मीही शिक्षा करायचे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या तासाला रोज झोपणाऱ्या एका मुलाला मी आठवडाभर दाराबाहेर उभं केलं. मग कळलं की तो वडिलांबरोबर पहाटे तीनला वाशीच्या भाजी मार्केटमध्ये जातो, तिथून थेट शाळेत येतो. कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी, तेव्हा आलेलं नव्हतं. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पण एक प्रश्न विचारायला कायदा कशाला लागतो? आता "एक विद्यार्थी वर्गात सतत झोपतो, शिक्षक म्हणून तुम्ही सर्वप्रथम काय कराल" हा प्रश्न दिसला की माझं पेन आपोआप "कारण जाणून घ्याल"वर जातं. पालकांना बोलावणं, समुपदेशकाकडे पाठवणं, बाक बदलणं हे पर्याय चुकीचे नसतात, ते नंतरचे असतात. "सर्वप्रथम" या शब्दाखाली रेघ मारा.

प्रबलन म्हणजे एखादं वागणं वाढावं म्हणून केलेली गोष्ट. त्याचा घोळ याच जागी उलगडून घ्या, कारण भाचीसकट सगळ्यांचा चुकतो. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. "गट नीट काम करतोय, आज गृहपाठ माफ" हे ऋण प्रबलन: नकोशी गोष्ट काढून घेतली आणि चांगलं वागणं वाढलं. "गोंधळ केलात, आज खेळाचा तास नाही" ही शिक्षा: हवीशी गोष्ट काढून घेतली, वागणं कमी व्हावं म्हणून. स्किनरच्या उंदरांवरच्या प्रयोगांपेक्षा ही दोन उदाहरणं लक्षात ठेवणं सोपं. स्टिकरचं धन प्रबलन मी जोरात चालवायचे. स्टिकर संपले त्या आठवड्यात वाचनकोपऱ्यातली गर्दीही संपली. बाह्य प्रेरणेचं पान भरलं.

भराभर

थॉर्नडाइकचे शिकण्याचे तीन नियम, सज्जता, सराव, परिणाम, पाठ करा आणि पुढे चला. गार्डनरची बहुविध बुद्धिमत्ता १९८३ ची. प्रकार ओळखायला येतात, पण "हा संगीतवाला, ही गणितवाली" असे शिक्के वर्गात मारू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार. वाचन-अक्षमतेवर प्रश्न येतोच, मात्र सहा वर्षांच्या पोराने "घ"चा "ध" केला म्हणून निदान करत सुटायचं नाही, ते काम तज्ज्ञांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं, शाळेच्या वर्षांची रचना ५+३+३+४. आकारिक मूल्यमापन शिकता शिकता, संकलित सत्राच्या शेवटी.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ तेवढं थांबून वाचा. दहा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल तरी तिला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि सोबत विशेष प्रशिक्षण हा तिचा हक्क आहे. आमच्याकडे खाणीवरून अशी एक आली होती. पहिल्या दिवशी ती बाकावर नाही, बाकाखाली बसली. ताराबाई मोडकांनी कोसबाडला, जे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. डी.एड.ला असताना आमची सहल तिथे गेली होती. तेव्हा मी टेकडीवरचा वारा खाल्ला आणि परत आले. त्या मुलीशेजारी जमिनीवर बसून पाटी घेतली तेव्हा कुरणशाळा कशाला म्हणायचं ते थोडं समजलं.

ब्लूमने शिकण्याच्या उद्दिष्टांच्या सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या मांडल्या, त्यांसाठी उदाहरणं शोधत बसू नका, एकच विषय घेऊन सहा पायऱ्या चढा. आम्ही पाणी घेतलं. नवी मुंबईचं पाणी कुठल्या धरणातून येतं? मोरबे: स्मरण. उन्हाळ्यात कपात का होते, तुझ्या शब्दांत सांग: आकलन. घरात रोज किती बादल्या लागतात मोजून आठवड्याचा हिशेब कर: उपयोजन. सोसायटी आणि वस्ती यांच्या पाण्याच्या वेळा लिहून फरक शोध: विश्लेषण. कपात सगळ्यांना सारखी असावी का, कारण दे: मूल्यमापन. आपल्या शाळेसाठी पाणी वाचवायची योजना आख: निर्मिती. ब्लूमच्या मूळ १९५६ च्या मांडणीत मूल्यमापन सर्वांत वर होतं, २००१ च्या सुधारित मांडणीत निर्मिती वर गेली. प्रश्नात "सुधारित" हा शब्द आहे का ते बघूनच गोल काळा करा.

पेपर सोडवताना

मागच्या प्रश्नपत्रिका सुरुवातीला नको, वहीची निदान पंधरा उजवी पानं भरल्यावर. आधी नुसते ३० प्रश्न, ३० मिनिटं. पर्यायांत "फक्त", "नेहमी", "कोणत्याही परिस्थितीत" दिसलं तर दोनदा वाचा, बहुतेक वेळा तो पर्याय पडतो. दोन पर्याय सारखेच चांगले वाटले तर ज्यात मूल काहीतरी करतंय तो घ्या. ज्यात शिक्षकच सगळं करतोय तो सोडा. "खालीलपैकी कोणते नाही" मधला "नाही" गोल करून ठेवा. माझे दोन गुण त्या एका शब्दाने खाल्ले.

चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहून थांबू नका. कुठल्या पानाचा प्रश्न होता तो आकडा लिहा. त्या पानाची उजवी बाजू कोरी असते, नव्वद टक्के वेळा नाही म्हणणार मी, पण आमच्या बाबतीत जवळजवळ दर वेळी होती.

गेल्या रविवारी आम्ही दोघींनी एकच संच सोडवला. मला ३० पैकी २६, भाचीला २४. माझ्या चारही चुका नावांच्या: कुणी कधी काय म्हटलं. तिच्या सहांपैकी पाच "तुम्ही काय कराल"च्या. तिने मला नावांची एक लांबलचक यादी करून दिली आहे, फ्रिजवर लावली आहे, दूध काढताना वाचते.

अजून अकरा पानं कोरी आहेत. पुढच्या रविवारी कोहलबर्ग. नैतिक विकासाचे तीन स्तर, पूर्व-परंपरागत, परंपरागत, उत्तर-परंपरागत, प्रत्येकाच्या दोन म्हणजे सहा अवस्था, हे डावीकडे लिहून झालंय. उजवीकडे एक गोष्ट सांगून विचारायचं आहे: मित्राची पेन्सिलपेटी सापडली आणि कुणी बघत नाही, तर ठेवशील का, का नाही? "मार बसेल", "मित्राला काय वाटेल", "नियम आहे", यातलं काय येतं ते लिहून घ्यायचं. तळमजल्यावरची सहा वर्षांची एका वाक्यात उत्तर देईल हे मला आत्ताच माहीत आहे. भावाचं सांगता येत नाही. भाचीला म्हटलंय, या वेळी प्रश्न तू विचार, मी आत कुकर बघते.